फोर बाय फोर घेतलीत? लिफ्ट किट राहू द्या, आधी टोचनची सोय बघा

घाटफिरस्ता (पुणे)

पावसाळा तोंडावर आला की एकच विचारणा सगळीकडून सुरू होते. नवी थार किंवा जिम्नी घेतलीय, थोडे पैसे बाजूला ठेवलेत, काय काय बसवू? बहुतेकांची यादीही तयार असते: गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट किट, तेहतीस इंची टायर, पुढे जाडजूड लोखंडी बंपर आणि टपावर लाइटबार. फक्त कोणीतरी मान डोलवायची बाकी असते. मी डोलवत नाही. का ते एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी या धाग्याची लिंक देता येईल.

कंपनीने दिलेली गाडीच आधी बघू. २०२०ची थार घ्या. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, अप्रोच अँगल (पुढचं तोंड न घासता चढावर शिरायचा कोन) ४१.८ अंश, पाण्यात जायची मर्यादा ६५० मिमी. जिम्नी २१० मिमीची, पण मागचा भाग आखूड असल्यामुळे डिपार्चर अँगल (मागचा भाग न घासता उतरायचा कोन) ५० अंशांपर्यंत जातो. फोर्सच्या गुरखा गाडीला दोन्ही एक्सलवर चालकाच्या हातात असलेलं डिफरन्शियल लॉक (एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारं) आहे आणि स्नॉर्कलही, म्हणजे इंजिनाची हवा वरून घेणारी नळी, कारखान्यातूनच येतो. मावळ-मुळशीतल्या, जुन्नर-आंबेगावातल्या गाडीवाटा यातली कुठलीही गाडी आहे तशी पार करते. अडकते ती चालवणाऱ्यामुळे आणि टायरमुळे.

आता लिफ्टबद्दल. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा या सगळ्यांचा मागचा एक्सल अखंड आहे. त्याच्या मधोमध लोंबणारं डिफरन्शियलचं हाउसिंग हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग. लिफ्ट किटने बॉडी आणि चेसिस वर जाते, हाउसिंग आहे तिथेच राहतं, कारण ते चाकांना जोडलेलं आहे. म्हणजे ज्या दगडावर ते आधी घासत होतं त्यावरच लिफ्टनंतरही घासणार. ते वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. तोही किती नेतो? थारचा २४५/७५ आर१६ टायर साधारण ७७४ मिमी व्यासाचा, तेहतीस इंची म्हणजे ८३८. फरक ६४, पण जमिनीपासून एक्सल वर जातो त्याच्या निम्मा, जेमतेम ३२ मिमी. या सव्वा इंचासाठी चाकाचा घेर आठ टक्क्यांनी वाढतो. सगळे गिअर तेवढेच लांब होतात, चढावर गाडी दम टाकते, ब्रेक जड लागतात, आणि मीटरवर ८० दिसत असताना गाडी खरं तर ८६-८७ने धावत असते.

शिवाय थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे लिफ्ट केली की पुढच्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकाकडे जोर नेणारे वाकते सांधे) जास्त तिरक्यात फिरतात, आधी त्यांची रबरी आवरणं फाटतात आणि मग जॉइंट कटकट करायला लागतात. जिम्नीला पुढेही अखंड एक्सल आहे, तिच्यात लिफ्टने कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकांचा तिरका कोन, बिघडतो आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. हे सगळं दुरुस्त करणारे सुटे भाग मिळतात, म्हणजे एका खर्चापाठी दुसरा.

तर पहिला पैसा चांगल्या ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरवर. मूळ साइझमध्येच घ्या, पण बाजूची भिंत मजबूत असलेले. कोकणातला जांभा दगड सुरीसारखा धारदार असतो आणि तो टायर फाडतो तो बाजूनेच. तिथलं भोक पंक्चरवाल्याकडे निघत नाही. मग एक हवा भरायचा पंप आणि दाबमापक. आणि हो, हवा कमी करायला शिका. चिखलात, दगडांत १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवलं की टायर लांबीने पसरतो, जमिनीवर टेकणारा पट्टा वाढतो, दगडाला मिठी मारून चढतो. फुकटातलं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन आहे हे. डांबरी रस्त्याला लागण्याआधी मात्र पुन्हा पूर्ण हवा, नाहीतर टायर तापून फुटेल.

दुसरा पैसा टोचनवर, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायच्या सामानावर. पुढे आणि मागे चेसिसला बोल्ट केलेले, वजन पेलणारे रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायच्या जागा), दोन बो शॅकल (पिनेच्या लोखंडी कड्या), एक किनेटिक रोप (ताणला जाणारा दोर), झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, एक फावडं. लाइटबारच्या पैशात यातलं बरंचसं येतं.

आणि तिसरा, एक दिवस शिकण्यावर. महिंद्राची इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाची जागा आहे, आणखीही चांगले शिकवणारे आहेत. उतारावर ब्रेकवरून पाय काढून फोर-लोच्या (चारही चाकांना जोर देणारा संथ टप्पा) पहिल्या गिअरवर विश्वास टाकायला शिकवणारं कोणी शेजारी बसलेलं असलं की भीती मोडते. ती व्हिडिओ बघून मोडत नाही.

निळी_जिम्नी (नाशिक)

धागा वाचनखुणांत टाकला. माझ्या यादीत लिफ्ट आणि लाइटबार होतेच, खोडले.

दोन शंका आहेत, फार प्राथमिक वाटतील. पावसात कसारा घाटात रस्ता ओला असतो, तेव्हा गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकून चालवली तर पकड जास्त मिळेल ना? शोरूममध्ये यावर दोघांनी दोन उत्तरं दिली. आणि माझ्या गाडीला थारसारखं मागचं लॉकिंग डिफरन्शियल नाही, ब्रेक लावून चालणारी व्यवस्था आहे म्हणतात. ती खड्ड्यात खरोखर कामाला येते की नुसती ब्रोशरपुरती?

घाटफिरस्ता (पुणे)

ताई, प्राथमिक मुळीच नाहीत, कित्येक वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही पहिलं माहीत नसतं.

आपल्या या गाड्यांत फोर-हाय लावलं की ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडतो. मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर फिरतात, म्हणजे दोन्ही शाफ्टना वेगवेगळं फिरायचं असतं. माती, चिखल, खडी असली तर चाक जरासं घसरून तो फरक मिटवतं. घट्ट डांबरावर घसरायला वाव नसतो, सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर चढत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, आणि नंतर लिव्हर टू-हायमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) यायला नकार देतो. तसं झालं तर सरळ थोडं मागे घ्या, पीळ सुटतो. नुसत्या ओल्या डांबरावर टू-हायच ठीक, वेग कमी ठेवा. रस्त्यावर दरडीची माती पसरली असेल, डांबर उखडून मुरूम उरला असेल, तेवढ्या पट्ट्यात फोर-हाय लावा आणि पुढे काढून टाका. फोर-लोला मात्र गाडी पूर्ण थांबवून टाकायचं.

दुसऱ्याचं उत्तर: येते, नक्की येते. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेत लटकलेलं चाक मोकळं गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. तुमची गाडी गरगरणाऱ्या चाकाला स्वतः ब्रेक लावते, त्याला प्रतिकार मिळाला की जोर दुसरीकडे जातो. फक्त तिला क्षणभर वेळ लागतो. बहुतेक जण चाक फिरताना दिसलं की घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात, मग ती व्यवस्थाही थांबते. पाय एकाच जागी धरून ठेवा. ब्रेकची कचकच ऐकू येईल, गाडी थरथरेल आणि हळूच वर येईल. थारचं मागचं लॉकही असंच आपोआप लागतं, एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात फिरलं की. तिथेही पाय स्थिर हवा. जिप्सीवाल्यांना यातलं काहीच मिळालेलं नसतं, ते डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून हेच काम स्वतः करतात. जिप्सी १९८५ पासून तशीच लोकांना डोंगरातून बाहेर काढत आली.

बांधावरचा (कोल्हापूर)

लई भारी लिवलंयस भावा. आमच्या घरात वडलांच्या टायमाची महिंद्राची एमएम ५५० जीप हाय, अजून रानात जातीया. टायरबद्दल थोडं माझंबी ऐक.

रुंद टायरचं फॅड शहरात लई झालंय. आमच्याकडं राधानगरी, गगनबावडा साइडला भाताच्या खाचरात वरती फूट-दीड फूट राड असती, पण खाली नांगराच्या तळाला दाबून दाबून कडक थर झालेला असतोय. बारकं टायर ती राड कापत खाली जातंय आन् त्या थराला धरतंय. रुंद टायर वरच्यावर तरंगतंय, बुडतबी न्हाई, पुढंबी जात न्हाई, नुसतं फिरतंय. जुन्या विलीज जीपला ६.००-१६ची बारकी, आडव्या दातांची टायरं होती. त्या लोकांनी काय उगाच दिली नव्हती.

काळ्या रानाची गोष्ट येगळी. सोलापूर, विजापूर साइडची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकती. दहा पावलांत ऑल टेरेनचं गुळगुळीत टायर होतंय. तिथं मड टेरेनच पायजे, मोठ्या खाचांचं, आन् चाक जरा जोरात फिरवून माती उडवून लावायची. तरीबी पाऊस पडून गेल्या गेल्या काळ्या रानात गाडी घालूच नये. दोन दिवस ऊन पडू दे.

आन् एक कळकळीनं सांगतो. बांधावरनं गाडी घालू नका. शहरातनं आल्याली पोरं बांध म्हंजी रॅम्प समजत्यात. एक बांध फुटला की खाचरातलं पाणी खालच्याच्या रानात जातंय, रोपं वाहून जात्यात, आन् दोन घरांची भांडणं लागत्यात. शेतकऱ्याला आधी इचारा. शंभरातला नव्वद जण हो म्हंतोय, आन् अडकला तर बैलं न्हाईतर ट्रॅक्टर घिऊन तोच येतोय.

घाटफिरस्ता (पुणे)

बांधाबद्दल शंभर टक्के. आमच्या ग्रुपमध्ये नियमच आहे, ज्याची जमीन त्याला आदल्या आठवड्यात भेटून विचारायचं, फोनवर नाही. आणि बारक्या टायरचा मुद्दा मोलाचा आहे. जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ बघून लोक नाकं मुरडतात, मावळातल्या भाताच्या चिखलात तोच टायर भल्याभल्यांना मागे टाकतो.

पाना_नंबर_चौदा (चाकण)

गॅरेज चालवतो, फोर बाय फोरची कामं बरीच येतात. पावसाळा संपला की एकच काम रांगेने येतं, त्यावर इथे कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून लिहितो.

एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना ब्रीदर असतो. छोटीशी नळी किंवा टोपी. चालून चालून आतलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. आता असा तापलेला एक्सल तुम्ही ओढ्याच्या गार पाण्यात घातलात. हवा झटकन आकसते, आत ओढ निर्माण होते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर ती हवेऐवजी पाणी ओढते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेतून ओढते. बाहेरून काही कळत नाही. गाडी छान चालते, मालक खूश. आत तेल आणि पाणी घुसळत राहतं.

माझ्याकडे गाडी आली की आधी भरायचा बोल्ट काढतो, तो निघतो ना याची खात्री झाल्यावरच खालचा. उलट केलं आणि वरचा अडकून बसला तर तेल ओतून गेलेलं, भरता येत नाही, गाडी तिथेच. चांगलं तेल मधासारखं उतरतं. पाणी गेलेलं तेल राखाडी दुधाळ येतं, बोटावर चोळलं तर फेस होतो, आणि रात्रभर उभ्या गाडीत आधी निव्वळ पाण्याची धार येते, मग तेल. खालच्या बोल्टला चुंबक असतं, त्यावर बारीक काळी पेस्ट असणं नेहमीचं. त्यात चकचकीत तुकडे दिसले, नखाला टोचले, की बेअरिंग किंवा दात गेले समजा.

उपाय स्वस्त आहे. चांगल्या रबरी नळीने सगळे ब्रीदर वर घ्यायचे, इंजिनाच्या खोलीत फायरवॉलपर्यंत, टोकाला छोटा फिल्टर. एक्सल खालीवर होतो म्हणून नळीत सैल ठेवायची, एक्झॉस्टपासून लांब न्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. स्नॉर्कलवर मोठा खर्च करून ब्रीदर खालीच ठेवणारे लोक बघितलेत, त्यांना हेच सांगतो. स्नॉर्कल फक्त इंजिनाच्या तोंडातलं पाणी वाचवतो. एक्सल, अल्टरनेटर, वायरिंग, सीटखालचे कंट्रोल युनिट, यांतलं काहीच तो वाचवत नाही.

पाण्याला लागण्याआधी दहा मिनिटं थांबून एक्सल गार होऊ दिला तरी निम्मा धोका जातो.

निळी_जिम्नी (नाशिक)

हे कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. पाण्यात घालायची वेळ आलीच तर किती खोलपर्यंत?

घाटफिरस्ता (पुणे)

खोलीच्या आधी वेग बघायचा. साचलेलं पाणी आणि वाहतं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहत्या पाण्यात एक फूट खोली छोट्या गाडीला ढकलायला पुरते, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगून वाहून जातात. थारचे ६५० मिमी हे स्थिर पाण्याचे आहेत, पूर आलेल्या ओढ्याचे नाहीत.

साधा नियम: जिथून तुम्ही स्वतः काठी टेकत चालत जाणार नाही तिथून गाडी न्यायची नाही. आधी चालत जा, तळाला दगड आहेत का गाळ, पलीकडचा चढ कसा आहे, ते बघा. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर प्रश्नच नाही, थांबायचं. खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही.

आत शिरल्यावर फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, मधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. चालत्या माणसाच्या वेगाने, पुढे एक लाट तयार होते तिच्या मागे मागे. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा.

आणि नदीपात्रात मजेसाठी गाडी घालणं सोडा. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीतून थार नेणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई केली, व्हिडिओ देशभर फिरला. अशा एकेका व्हिडिओमुळे सगळ्यांच्या वाटा बंद होतात.

कलम_बावन्न (ठाणे)

वकिली करतो आणि जुनी थार सीआरडीई चालवतो, दोन्ही बाजूंनी बोलतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा. गाडीच्या पुढे बसवायच्या लोखंडी बुलबारवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. ते केवळ पादचाऱ्यासाठी घातक म्हणून नाही. धडक झाल्यावर गाडीचं नाक कसं चुरावं आणि एअरबॅग केव्हा उघडावी याचं सगळं गणित मूळ बंपरवर बसवलेलं असतं.

विम्याचं त्याहून वाईट. बदल कळवलेला नसेल आणि अपघात झाला तर सर्व्हेअरचं पहिलं वाक्य त्यावरच असतं. तुमची चूक नसली तरी भांडत बसावं लागतं.

म्हणून मी अशिलांना आणि मित्रांना सांगतो ते एवढंच. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला दिलेला टायर साइझ, कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीज, आणि गाडीत ठेवायचं काढता-घालता येणारं सामान, याच्या आत राहा. घाटफिरस्त्यांची यादी जवळपास सगळी यातच बसते. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथल्या गाड्या बघून लोकांना स्फुरण चढतं. ते साहजिक आहे, मलाही चढतं. पण त्या स्पर्धेसाठी घडवलेल्या गाड्या आहेत, त्यातून सोमवारी मुलांना शाळेत सोडायचं नसतं.

सडा_आणि_दवबिंदू (सावंतवाडी)

वनस्पतींचा अभ्यास करते, गाड्यांतलं कमी कळतं. पण गेल्या काही पावसाळ्यांत सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांवर, चाकांच्या खुणा वाढताना बघते आहे, म्हणून राहवलं नाही.

गाडी घेऊन येणाऱ्याला सडा म्हणजे मोकळा, ओसाड कातळ वाटतो. कुणाचं शेत नाही, झाड नाही, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर गुडघे टेकून बघा. जांभ्याच्या खोलगट जागांत काही ठिकाणी बोटभरसुद्धा माती नसते, आणि त्यात दवबिंदू, सीतेची आसवं अशी छोटी रोपं, तऱ्हेतऱ्हेची गवतं आपलं अख्खं आयुष्य तीन-चार महिन्यांत उरकतात. एका चाकाने तो थर उचलला जातो, पुढच्या पावसात धुऊन जातो, आणि तिथे पुन्हा माती जमायला किती काळ लागेल हे तुमच्या-माझ्या आयुष्याच्या मापात बसत नाही.

आंबोलीच्या सड्यावर बेडकाच्या जातीचा एक छोटा टोड आहे, झँथोफ्रायनी टायगेरिना. शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं, जगात फक्त त्या परिसरात सापडतो, अतिसंकटग्रस्त आहे. तो अंडी घालतो कातळावरच्या तळहाताएवढ्या उथळ डबक्यांत. गाडीतून ते डबकं दिसतसुद्धा नाही.

आणि राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कित्येकांना कुंपण नाही, काही तर गवताखाली आहेत. फोर-लो लावून चढणारं चाक त्यावरून गेलं तर कोरलेली कड तुटते. ती परत कोरता येणार नाही.

तुमच्यासारखे लोक इतक्या आतपर्यंत पोहोचता, म्हणून तुमच्याकडूनच अपेक्षा आहे. आहे त्या गाडीवाटेवर राहा, वाट संपली की गाडी उभी करा आणि पुढे चालत या. मी दाखवीन काय काय आहे ते.

घाटफिरस्ता (पुणे)

ताई, मनापासून आभार. सड्यावर गाडी नाही, हे या धाग्यावर ठळक लिहून ठेवतो. राखीव जंगलात तर परवानगीशिवाय शिरणं गुन्हाच आहे, पण सडे बऱ्याचदा खासगी किंवा गावकीचे असतात आणि तिथे अडवायला कोणी नसतं. तिथे आपणच आपल्याला अडवायला हवं. ऑगस्टमध्ये तुम्हाला वेळ असेल तर आमच्या ग्रुपला एक दिवस द्या, सगळे पायी येऊ.

वाळूतला_डोंबिवलीकर (दुबई)

इथे वाळूत चालवतो, शारजाच्या फॉसिल रॉकच्या आसपास, थंडीत लिवापर्यंत. वाळूचं शास्त्र डोंगराच्या अगदी उलट. डोंगरात जितकं हळू तितकं चांगलं, वाळूत गती गेली की गाडी बसली. हवा १२ ते १५ पीएसआय. एवढ्या कमी हवेवर जोरात वळवलं तर टायर रिमवरून उतरतो, म्हणून वळणं मोठी घ्यायची. थांबायचं झालं तर ब्रेक मारायचा नाही, उताराकडे तोंड करून गाडी आपोआप थांबू द्यायची, म्हणजे निघताना उतार मदत करतो. टेकडीच्या माथ्यावर पलीकडचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा असतो. चाकं फिरून गाडी बसायला लागली की तिथेच पाय काढायचा. आणखी ॲक्सिलरेटर दिला की चेसिस टेकते, मग फावडं.

हे वाचून कोणी कोकणच्या किनाऱ्यावर प्रयोग करू नका. वाळवंटात भरती येत नाही. किनाऱ्यावर गाडी बसली की घड्याळ सुरू होतं, ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास आणि वर थोडी मिनिटं. दर दिवाळीला लाटांत बुडालेल्या गाड्यांचे फोटो इथे आमच्यापर्यंत येतात. शिवाय वेळास, आंजर्ल्याच्या बाजूला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं वरून कसं दिसणार? गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदीच आहे.

निळी_जिम्नी (नाशिक)

किनारा तर बादच. आता शेवटचं. किनेटिक रोप घेतला. वापरायचा कसा हे कोणीतरी पायरीपायरीने सांगा. मागच्या रविवारी एका ठिकाणी बघितलं, गाडी अडकली होती, एकाने टो-बॉलला दोर लावून जोरात हिसका दिला. सगळे बाजूला उभे राहून व्हिडिओ काढत होते.

घाटफिरस्ता (पुणे)

ते बघून अंगावर काटा आला. टो-बॉल ट्रेलर ओढायला असतो, हिसका सोसायला नाही. तो तुटला तर दोराच्या ताणाने गोळीसारखा सुटतो आणि काचेतून आरपार जातो. यात परदेशात माणसं मेली आहेत. कारखान्यातून पुढे येतो तो स्क्रू करायचा टो-हुकही सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढण्यापुरता, त्यालाही हिसका नाही.

आता क्रम. आधी फावडं. चाकांपुढची माती काढा, चेसिस टेकली असेल तर तिच्याखालची काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. अर्ध्या वेळा गाडी इथेच निघते आणि दोर पिशवीतच राहतो.

नाही निघाली तर मग दोर. दोन्ही बाजूंना चेसिसचे रिकव्हरी पॉइंट, शॅकल किंवा सॉफ्ट शॅकल (दोराचंच कडं). शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव आटा उलट सोडायची, म्हणजे ताणानंतर अडकत नाही. दोन दोर जोडायचे असतील तर मध्ये लोखंडी शॅकल कधीही नाही, दोर एकमेकांत ओवायचे. दोर जमिनीवर एस आकारात सैल टाका. ओढणारी गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश सुटते, ताण बसला की दोर रबरासारखा ताणला जातो आणि साठलेला जोर अडकलेल्या गाडीला बाहेर खेचतो. अडकलेल्या गाडीतल्याने त्याच वेळी हलका ॲक्सिलरेटर द्यायचा. पहिला प्रयत्न अगदी हळू, दुसरा थोडा जास्त. तिसऱ्यालाही नाही निघाली तर थांबून पुन्हा खणा, वेग वाढवत नेऊ नका.

माणसांबद्दल: दोन चालक गाडीत, इशारा देणारा एकच माणूस, बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब आणि बाजूला. दोर ओलांडायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. मध्यावर ओलं पोतं किंवा जड जाकीट टाका, तुटलाच तर तो खाली पडतो.

विंच (गाडीवर बसवलेला, ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारा) असेल तर त्यात हिसका अजिबात नाही, तिथे स्थिर ओढ. गाडीच्या एकूण भारित वजनाच्या दीडपट क्षमतेचा हवा. ९,५०० पाउंडाचा म्हणतात तो जोर ड्रमवर दोराचा पहिला थर असताना मिळतो, वर थर चढले की कमी होतो. पुली लावून दोर परत गाडीकडे आणला तर जोर जवळपास दुप्पट, वेग निम्मा, बॅटरीवरचा भारही हलका. झाडाला नेहमी रुंद पट्टा, उघडा दोर गुंडाळला तर साल कापली जाते आणि झाड वाळतं.

बांधावरचा (कोल्हापूर)

ट्रॅक्टरनं वढतानाबी हेच लागू. लोखंडी साखळी लावून हिसका दिऊ नका, तुटल्याली साखळी कुठं जाईल सांगता येत न्हाई. ट्रॅक्टर असला की लो गिअरला नुसता हळू चालवा, हिसका लागतच न्हाई.

पाना_नंबर_चौदा (चाकण)

परत आल्यावरचं सांगून ठेवतो. दुसऱ्याच दिवशी खालून धुवा, पण प्रेशरचा फवारा सीलवर, ब्रीदरवर आणि रेडिएटरच्या जाळीवर सरळ मारू नका. चाक काढून ब्रेकमधली खडी काढा, नाहीतर डिस्कवर चरे पडतात. रेडिएटरमध्ये वाळलेला चिखल राहिला तर पुढच्या घाटात काटा वर जाणार. चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट पान्याने तपासा. पाण्यातून गेला असाल तर एक्सलचं तेल त्याच आठवड्यात बघा.

घाटफिरस्ता (पुणे)

जूनच्या तिसऱ्या रविवारी मावळात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात फक्त रिकव्हरीचा सराव ठेवलाय. मुरमाचा चढ आहे, एक चिखलाचा खड्डा आहे, मालकांची परवानगी घेतली आहे. ट्रेल नाही, फोटोसाठी उड्या नाहीत. रिकव्हरी पॉइंट असलेली कुठलीही फोर बाय फोर चालेल, मूळ टायरवर असली तरी. गमबूट, हातमोजे, फावडं आणि आपापला डबा. निळी_जिम्नी ताई, तुमचा नवा दोर घेऊन या, पहिली ओढ तुमच्याच गाडीने घेऊ.

निळी_जिम्नी (नाशिक)

येते. बरोबर धाकटा भाऊ आहे, त्याची गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे, ती गावातच ठेवू.

पाना_नंबर_चौदा (चाकण)

मीही येतो, ब्रीदरच्या नळ्या आणि क्लिपा घेऊन. ज्यांना बसवायच्या असतील त्यांनी गाडीचं मॉडेल आणि वर्ष इथेच लिहा, म्हणजे लांबी मोजून आणता येईल.